प्रत्येक टप्प्याला थोडं वर

साल 1961, मार्च संपत आला आहे. न्यूयॉर्कच्या सहाव्या अ‍ॅव्हेन्यूवर वारा अजून बोचतो आहे. तुम्ही रांगेत उभे आहात आणि रांगेचं शेपूट पन्नासाव्या रस्त्याच्या कोपऱ्यावरून वळून कुठे गेलं आहे ते दिसत नाही. ईस्टर तोंडावर आला आहे. तुमच्या पुढे एक आजोबा आणि त्यांचा सात-आठ वर्षांचा नातू आहे. नातवाच्या पायात कोरे बूट आहेत, बहुधा सणासाठी घेतलेले. आजोबा त्याला दर दोन मिनिटांनी बजावतात, गर्दीत पाय सांभाळ, बुटांवर कुणी पाय देईल. नातवाचं लक्ष पाटीवर आहे. 'दि अ‍ॅब्सेंट-माइंडेड प्रोफेसर', वॉल्ट डिस्नींचा नवा सिनेमा.

रेडिओ सिटी म्युझिक हॉलमध्ये पाऊल टाकलं की आवाज आपोआप खाली येतो. सुमारे 6000 खुर्च्या. छताच्या सोनेरी कमानी रंगमंचापासून एकामागून एक मागे येत जातात, सूर्य समुद्रातून वर येताना आभाळात वलयं उमटावीत तशा. ऑर्गनचे खर्जातले सूर कानांआधी खुर्चीच्या पाठीतून जाणवतात. सिनेमाआधी रंगमंचावर ईस्टरचा सोहळा होतो, मग रॉकेट्स नृत्यपथकातल्या 36 नर्तकी एका रेषेत येऊन पाय उचलतात. मुलं चुळबुळायला लागली आहेत. ती प्राध्यापकाला भेटायला आली आहेत.

दिवे मंदावतात. पडदा उजळतो आणि शेजारचा मुलगा आजोबांकडे वळतो. "रंगीत नाही?" खरंच, डिस्नींचा सिनेमा आणि चक्क काळा-पांढरा. हा प्रश्न लक्षात ठेवा. त्याचं उत्तर शोधायला आपल्याला आणखी एक वर्ष मागे जायचं आहे.

मेडफील्ड नावाचं छोटं कॉलेज. रसायनाचा प्राध्यापक नेड ब्रेनार्ड वर्गात ऊर्जा समजावून सांगतो आहे आणि मुलं बाकाखाली डोकं घालायच्या तयारीत आहेत, कारण या सरांचा तास धडाक्याशिवाय सरत नाही हे त्यांना ठाऊक आहे. ब्रेनार्डची भूमिका फ्रेड मॅकमरे करताहेत. उंच, खांद्यातून किंचित वाकलेले, बोलता बोलता हात हवेत सोडून देणारे. तुमच्या मागच्या रांगेतल्या मोठ्या माणसांनी यांनाच 'डबल इन्डेम्निटी'मध्ये खून करताना पाहिलंय आणि गेल्याच वर्षी 'दि अपार्टमेंट'मध्ये निर्दय साहेब म्हणून. आज त्यांच्याच चेहऱ्यावर लहान मुलाचं कुतूहल आहे, आणि ते कुठेही खोटं वाटत नाही.

आज ब्रेनार्डचं लग्न आहे. कॉलेजच्या अध्यक्षांच्या कार्यालयात काम करणाऱ्या बेट्सीशी. याआधी दोनदा तो स्वतःच्या लग्नाला जायचं विसरला आहे, ही तिसरी वेळ. घर सांभाळणाऱ्या बाई त्याला आठवण करून देतात. तो मान डोलावतो, कपडे करतो आणि गॅरेजमधल्या प्रयोगाकडे फक्त एक नजर टाकायला जातो. पुढचं सगळ्या थिएटरला कळलेलं आहे. मुलं ओरडून सांगताहेत, जाऊ नका, जाऊ नका. स्फोट होतो. सकाळी शुद्धीवर येतो तेव्हा लग्नाची घटिका कधीच टळून गेलेली असते आणि भांड्यात एक चिकट, काळपट गोळा थुईथुई नाचत असतो.

मराठीत आपण अशा माणसाला विसरभोळा म्हणतो. इंग्रजी शब्द सांगतो की या माणसाचं मन जागेवर नाही. आपला शब्द विसरण्यालाच भोळेपणा जोडून देतो, म्हणजे आरोप करता करता अर्धी माफीही देऊन टाकतो. सिनेमाचं नाव इंग्रजी असलं तरी त्याचा जीव मला आपल्या शब्दात दिसतो. ब्रेनार्डचं मन गैरहजर नाहीच. ते पुरतं हजर आहे, फक्त त्या गोळ्यापाशी. बेट्सीला जे दुःख होतं तेही सिनेमा हसण्यावारी नेत नाही. नॅन्सी ओल्सन यांचा चेहरा बघा, तिथे राग कमी आणि थकवा जास्त आहे.

आता पडद्यावरचा गोळा नीट बघा. ब्रेनार्ड त्याचा चिमूटभर तुकडा तोडून खाली टाकतो. टप्पा पडतो. चेंडू वर येतो, जिथून टाकला त्याहून वर. पुन्हा टप्पा, आणखी वर. तो त्याला नाव देतो, फ्लबर. उडणारं रबर.

शाळेत शिकलेलं आठवा. साधा रबरी चेंडू एक मीटरवरून सोडला तर कधीच एक मीटर परत येत नाही. टप्प्याच्या क्षणी तो चपटा होतो, आतल्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींवर घासतात, थोडी ऊर्जा उष्णता होऊन जाते, थोडी आवाज होऊन. प्रत्येक टप्प्याला चेंडू थोडा खाली राहतो, आणि शेवटी थांबतो. जगातल्या सगळ्या वस्तूंचं हेच आहे. फ्लबर एकटंच उलट वागतं. नियमाचं फक्त एक टोक उलटं धरलं आणि बाकी सगळं जग जसंच्या तसं ठेवलं, यातच त्या गोष्टीची अक्कल आहे. त्यामुळेच शेजारचा आठ वर्षांचा मुलगाही क्षणात समजून जातो की इथे काहीतरी अशक्य घडतंय. त्याला नियम कुणी शिकवलेला नाही, पण गल्लीत चेंडू खेळताना तो नियम त्याच्या हाताला कळलेला आहे.

ब्रेनार्ड तो गोळा आपल्या 1915 च्या मॉडेल टी फोर्डमध्ये बसवतो. जुनाट, खडखडणारी, छत कापडाचं. गाडी हळूच चाकांवरून सुटते आणि गॅरेजबाहेर तरंगते. थिएटरभर जो आवाज होतो तो ओरडण्याचा नाही. 6000 माणसांनी एकदम आत घेतलेला श्वास आहे तो.

तो श्वास तसाच धरून ठेवा आणि डोळे मिटा.

1960. कॅलिफोर्नियात बरबँक, डिस्नी स्टुडिओ. तुम्ही एका प्रचंड शेडमध्ये उभे आहात आणि तीच मॉडेल टी तुमच्या डोक्यावर बारीक तारांना टांगलेली आहे. दुरून तारा दिसत नाहीत, जवळ गेलात की दिसतात. तारेवर उजेड चमकू नये एवढ्याचसाठी इथे माणसं तासन्‌तास दिव्यांचे कोन बदलत बसतात. एका टेबलावर त्याच गाडीची छोटी प्रतिकृती आहे. दूरच्या उड्डाणासाठी ही छोटी, जवळच्यासाठी वरची मोठी.

पलीकडे एक पडदा पिवळ्या दिव्यांनी न्हाऊन निघाला आहे. ते सोडियमचे दिवे, रस्त्यावर असतात तसल्या जातीचे. त्यांचा पिवळा रंग अगदी नेमका असतो, प्रकाशाच्या पट्ट्यातली एक बारीकशी फट. कॅमेऱ्यात भिंगामागे एक प्रिझम आहे. तो तेवढा पिवळा वेगळा काढून दुसऱ्या फिल्मवर टाकतो. एका फिल्मवर गाडी आणि माणसं, दुसरीवर फक्त त्यांची सावलीसारखी आकृती. त्या आकृतीच्या मापाचं छिद्र मागच्या आभाळात पाडायचं आणि तिथे गाडी बसवायची. केसाच्या टोकापर्यंत कड नीट येते. तीनच वर्षांनी हीच युक्ती 'मेरी पॉपिन्स'मध्ये वापरली जाणार आहे, आणि दिग्दर्शकही हेच असणार आहेत, रॉबर्ट स्टीव्हन्सन.

काळ्या-पांढऱ्याचं उत्तर तुम्हाला इथे मिळतं. टांगलेली गाडी, खेळण्याएवढी गाडी आणि रंगवलेलं आभाळ, तिघांचा रंग एकमेकांशी जुळवणं महाकठीण. रंगच काढून टाकला की शिवण दिसेनाशी होते. मुलाला वाटलं होतं काहीतरी कमी दिलंय. खरं तर गाडी उडावी म्हणून रंग सोडून दिला आहे.

एका कोपऱ्यात पीटर एलेनशॉ चित्र रंगवताहेत. लंडनमध्ये जन्मलेला हा चित्रकार घरांची छपरं, ढग, संध्याकाळ असं रंगवतो की पडद्यावर ते चित्र आहे हे कुणाला कळणार नाही, आणि कळू नये हीच त्याची कमाई. रॉबर्ट मॅटी तारांच्या गुंत्यात वाकलेले आहेत. 1954 साली त्यांनी 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज अंडर दि सी'साठी राक्षसी स्क्विड बांधला होता. 1975 च्या 'जॉज'चा यांत्रिक शार्क तेच बांधतील. आज त्यांना बास्केटबॉलच्या पोरांना छतापर्यंत उसळवायचं आहे. एक पोरगा तारेवर वर जातो, हवेत पाय मारतो, गोल फिरून तोंडघशी लटकतो. सगळे हसतात. मॅटी हसत नाहीत, तार कुठे धरली होती ते बघतात, दोन बोटं सरकवतात आणि सांगतात, पुन्हा.

मला या सिनेमाबद्दल जे म्हणायचं आहे ते याच क्षणाबद्दल आहे. विक्षिप्त संशोधकाची गोष्ट सांगायला जी माणसं जमली होती ती स्वतः त्याच जातीची होती. गॅरेज, गंजकी हत्यारं, फसलेला प्रयोग, पुन्हा. ब्रेनार्डला त्यांनी टिंगलीसाठी रंगवलं नाही, आरशात बघून रंगवलं. ऑस्करची तीन नामांकनं या सिनेमाला मिळाली, त्यात एक या दृश्यकरामतींसाठी होतं. बक्षीस 'दि गन्स ऑफ नॅव्हरोन'नं नेलं, आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं.

अजून मागे. 1958, ब्रुसेल्स. जागतिक प्रदर्शन भरलं आहे. 102 मीटर उंच अ‍ॅटोमियम उन्हात चमकतं आहे, लोखंडाच्या स्फटिकातले नऊ अणू घराएवढे करून ठेवल्यासारखं. सोव्हिएत दालनात स्पुटनिक उपग्रहाची प्रतिकृती बघायला झुंबड आहे. आदल्या वर्षी ऑक्टोबरमध्ये खरा स्पुटनिक आभाळात गेला तेव्हापासून अमेरिकेत शाळा-शाळांतून विज्ञान कसं शिकवायचं यावर खल चालला आहे. अमेरिकी दालनात डिस्नींचा सर्व बाजूंनी वेढणारा गोल सिनेमा चालू आहे.

तुम्ही मात्र एका व्याख्यानाला येऊन बसा. समोर आहेत प्रिन्स्टनचे रसायनशास्त्राचे प्राध्यापक ह्यूबर्ट अलिया. वाक्य अर्धं तोंडात असतानाच हात दुसऱ्या बाटलीकडे जातो. रंग बदलतात, धूर होतो, आणि मध्येच असा बार उडतो की पहिल्या रांगेतल्या बाई पर्स छातीशी धरतात. विद्यार्थ्यांनी त्यांना 'डॉक्टर बूम' म्हणायला सुरुवात केली आहे. त्यांच्या गाजलेल्या व्याख्यानाचा विषय म्हणजे नशिबाने झालेले अपघात, मोठे शोध आणि तयारीत असलेलं मन. अपघात सगळ्यांकडेच होतात, पण ज्याचं मन आधीपासून त्या प्रश्नात बुडालेलं असतं त्यालाच तो अपघात दिसतो, हा त्यांचा मुद्दा. हे ते स्फोटांच्या मधल्या शांततेत सांगतात आणि म्हणून ऐकू येतं.

श्रोत्यांमध्ये बारीक मिशीचे एक गृहस्थ आहेत. ते वॉल्ट डिस्नी. प्रयोगांइतकेच ते माणसाकडे बघताहेत, हात कसे हलतात, उत्साहात आवाज कुठे चढतो. पुढे ते अलियांना कॅलिफोर्नियाला बोलावतील, मॅकमरेंसमोर प्रयोग करून दाखवायला सांगतील, आणि मॅकमरे त्यांच्या लकबी उचलतील. न्यूयॉर्कच्या पडद्यावर बोलता बोलता हवेत सुटणारे हात आठवले ना? ते इथून आले.

आणि एक शेवटची उडी, 1943. युद्ध चालू आहे. आग्नेय आशियातले रबराचे मळे जपानच्या ताब्यात गेले आहेत, अमेरिकेत टायर रेशनवर मिळताहेत. कनेक्टिकटमधल्या न्यू हेवनच्या प्रयोगशाळेत जेम्स राइट नावाचे जनरल इलेक्ट्रिकचे अभियंता कृत्रिम रबराच्या मागे लागले आहेत. सिलिकॉन तेलात बोरिक आम्ल मिसळतात आणि हाताला येतो एक गोळा. ताणला तर लांबतो, झटका दिला तर तुटतो, जमिनीवर टाकला तर टुणकन उसळतो. टायर मात्र त्याचा होत नाही. युद्धाला त्याचा उपयोग शून्य. काही वर्षांनी तोच गोळा प्लॅस्टिकच्या अंड्यांत भरून 'सिली पटी' नावानं मुलांच्या हातात जाईल.

त्याच 1943 मध्ये 'लिबर्टी' मासिकात सॅम्युअल टेलर यांची एक कथा छापून येते, आणि तिच्यावरूनच बिल वॉल्श पुढे ब्रेनार्डचा सिनेमा लिहितात. राइट यांच्या टेबलावरच्या गोळ्याची टेलर यांना खबर असायचं कारण दिसत नाही. पण मला एवढं वाटतं की सारा देश रबराच्या तुकड्यासाठी तरसत असताना एकाच्या हातात उसळणारा गोळा आला आणि दुसऱ्याच्या कागदावर अजब शोधाची गोष्ट. लोकांच्या मनात जे घोळत असतं ते अशाच वाटांनी बाहेर येतं.

श्वास सोडा. तुम्ही पुन्हा रेडिओ सिटीत आहात.

मधल्या वेळात बरंच काही घडून गेलं आहे. सावकार अलोन्झो हॉकनं कर्जापायी कॉलेज गिळायचं ठरवलं आहे. त्याचा मुलगा परीक्षेत नापास झाल्यानं बास्केटबॉलच्या संघाबाहेर, आणि नापास करणारा ब्रेनार्डच. सामन्याच्या मध्यंतराला मेडफील्डची बुटकी पोरं दमून आडवी पडली आहेत. ब्रेनार्ड गुपचूप त्यांच्या बुटांच्या तळव्यांना फ्लबर इस्त्रीनं चिकटवतो. त्या पोरांना कुणी काही सांगितलेलं नाही. पहिला पोरगा चेंडूसाठी उडी मारतो आणि वर जातच राहतो. मग सगळेच. प्रतिस्पर्धी धिप्पाड खेळाडू माना वर करून नुसते बघताहेत. तारा कुठे आहेत हे तुम्हाला माहीत आहे, मॅटींनी दोन बोटं सरकवलेली तुम्ही पाहिली आहेत, आणि तरी तुमचे डोळे तारा शोधत नाहीत.

वॉशिंग्टनमध्ये फोन करून ब्रेनार्ड सांगतो की माझ्याकडे उडणारी गाडी आहे. कुणाचा विश्वास बसत नाही. हे दृश्य विनोदी आहे, पण रांगेतल्या आजोबांच्या वयाची माणसं ते वेगळ्या कानांनी ऐकताहेत. आभाळातून काय येईल याची भीती या वर्षी सगळ्यांनाच आहे. काही आठवड्यांत, 12 एप्रिलला, युरी गागारिन पृथ्वीची फेरी मारतील आणि 5 मेला अ‍ॅलन शेपर्ड अमेरिकेतून वर जातील. या थिएटरमध्ये मात्र आभाळात पहिली गेली आहे ती कापडी छताची जुनी फोर्ड.

आता हॉकची पाळी. ब्रेनार्ड आणि बेट्सी त्याला फ्लबर लावलेले बूट चढवायला लावतात. तो एक उडी मारतो. दुसरी थोडी उंच. तिसरी त्याहून उंच. त्याला थांबता येत नाही, कारण थांबणं फ्लबरच्या स्वभावातच नाही. गाव जमतं. माणूस घरांच्या छपरांपर्यंत जातो, खाली येतो, ओरडतो, पुन्हा जातो. अग्निशमन दल येतं आणि दलाचा म्हातारा प्रमुख आपल्या पातळ, थरथरत्या आवाजात बोलायला लागतो.

शेजारचे आजोबा एकदम पुढे सरकतात. तो आवाज त्यांच्या ओळखीचा आहे. 1932 पासून काही वर्षं मंदीच्या काळात एड विन हे रेडिओवर 'फायर चीफ' म्हणून येत, टेक्साकोच्या कार्यक्रमात, आणि नोकऱ्या गेलेल्या घरांमधून तो आवाज ऐकायला माणसं एकत्र बसत. तोच माणूस, तोच फायर चीफ, तीस वर्षांनी. आणि वर उसळणारा हॉक कोण? कीनन विन, एड यांचा सख्खा मुलगा. म्हातारा बाप खाली उभा राहून हातचा सुटलेला मुलगा झेलायचा प्रयत्न करतो आहे. या घरातली तिसरी पिढी, कीनन यांचा मुलगा नेड, तोही याच सिनेमात एका छोट्या कामात आहे. आजोबा नातवाच्या कानाशी वाकून काहीतरी सांगतात. नातू ऐकत नाही, तो हसून हसून खुर्चीवरून घसरला आहे. आजोबाही हसताहेत, आणि हसता हसता चष्मा काढून पुसताहेत.

शेवटी लग्न लागतं. नवराबायको मॉडेल टीमध्ये बसून आभाळात निघून जातात. एलेनशॉंचे ढग मागे सरकतात.

बाहेर येता तेव्हा उजेड डोळ्यांवर येतो. सहाव्या अ‍ॅव्हेन्यूच्या फुटपाथवर शे-दोनशे मुलं उड्या मारताहेत. कुणी पायरीवरून, कुणी जागच्या जागी, कुणी बर्फाच्या उरल्यासुरल्या चिखलात. त्यांना ठाऊक नाही की चारच वर्षांनी कॅलिफोर्नियातले रसायनतज्ज्ञ नॉर्मन स्टिंगली यांचा सुपर बॉल बाजारात येईल, पॉलिब्युटाडाइनचा, प्रचंड दाबाखाली घट्ट केलेला. मीटरभरावरून सोडला तर 80 सेंटिमीटरच्या आसपास परत येणारा. फ्लबरच्या इतकं जवळ मुलांच्या हाताला तोवर दुसरं काही लागलेलं नसेल. पुरता मीटर मात्र कुणालाच परत मिळवता येणार नाही.

तो मुलगा तुमच्या पुढेच आहे. नव्या बुटांची टोकं त्यानं जुळवून घेतली आहेत, गुडघे वाकवले आहेत, जीभ दातांत धरली आहे. उडी मारतो. खाली येतो. तळवे बघतो. पुन्हा मारतो, आणि आजोबांना म्हणतो की दुसऱ्या वेळी जरा उंच गेलो, हो की नाही?

आजोबा म्हणतात, "मला नीट दिसलं नाही. परत मार."

मुलगा परत मारतो. आजोबा आजूबाजूला एकदा बघून घेतात. मग डोक्यावरची हॅट काढून ते तुमच्या हातात देतात.